नगरसभेचे लहान दार

ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले की आपल्या धर्मग्रामांतून एक वाक्य हमखास कानी पडते : "राजकारण हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे." हे वाक्य उच्चारणारी माणसे वाईट नसतात. ती रविवारी मिस्साला येतात, शेजाऱ्याच्या मयताला खांदा देतात, कुणाच्या घरी लग्न असले तर आठ दिवस आधी मंडप घालायला जातात. त्यांच्या या वाक्यामागे थोडी भीती असते, थोडा कंटाळा असतो आणि एक समजही असतो. ख्रिस्तसभेनेच आपल्याला राजकारणापासून चार हात दूर राहण्यास शिकविले आहे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते.

हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी इतिहासाची पाने उलटणे उपयुक्त ठरेल. एके काळी ख्रिस्तसभेने एका देशातील आपल्या लेकरांना संसदेच्या निवडणुकीपासून खरोखरच दूर ठेवले होते. परंतु त्याच काळात नगरसभेचे दार मात्र तिने उघडे ठेवले. त्या लहान दारातून जी माणसे प्रथमच उमेदवार म्हणून आत गेली, त्यांची कथा आज आपण विसरलो आहोत. ती कथा इटलीत सुरू होते. पण तिचे धागे आपल्या मुंबईपर्यंत आणि वसईपर्यंत येऊन पोहोचतात.

मोठे दार बंद झाले

२० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या राजाचे सैन्य पोर्ता पिया या वेशीजवळचा तट फोडून रोम शहरात शिरले आणि पोपमहाशयांची शतकानुशतकांची ऐहिक सत्ता संपुष्टात आली. पोप नववे पायस यांनी या नव्या राज्याला मान्यता देण्याचे नाकारले. कॅथॉलिकांनी संसदेच्या निवडणुकीत भाग घ्यावा काय, या प्रश्नाला रोमकडून 'नॉन एक्स्पेदित' म्हणजे 'हे हितावह नाही' असे उत्तर मिळाले. 'ना निवडून येणारे, ना निवडून देणारे' ही घोषणा त्याआधीच, १८६१ मध्ये, तुरीन येथील एका धर्मगुरू-पत्रकाराने लोकांच्या तोंडी रुळविली होती. श्रद्धावान कॅथॉलिक संसदेच्या मतदानाच्या दिवशी घरी बसू लागला.

नगरसभांच्या निवडणुकांना मात्र ही मनाई लागू नव्हती. त्यामागील विचार समजून घेण्यासारखा आहे. संसदेत बसणे म्हणजे रोम बळकावणाऱ्या राज्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेणे होते. नगरसभेपुढचे प्रश्न वेगळे होते. विहिरीला पाणी आहे काय, प्राथमिक शाळेत धर्मशिक्षणाचा तास राहील काय, गरिबांसाठी ठेवलेल्या धर्मादाय निधीचा विनियोग कोण करील, दफनभूमीची व्यवस्था कोण पाहील, या गोष्टी कोणत्याही राजवटीत कुणाला तरी पाहाव्याच लागतात. म्हणून १८७४ पासून भरू लागलेल्या इटलीतील कॅथॉलिक परिषदांनी आपल्या माणसांना नगरसभांत जाण्यास उत्तेजन दिले.

आरंभीच्या या नगरसेवकांची दृष्टी मर्यादित होती, हेही सांगितले पाहिजे. मताधिकार मूठभरांच्या हाती होता. निरक्षर शेतमजुराला तो नव्हताच. पुष्कळ ठिकाणी कॅथॉलिक मंडळी श्रीमंत उदारमतवाद्यांशी हातमिळवणी करीत, शाळेतील धर्मशिक्षणाचे आश्वासन पदरात पाडून घेत आणि करांचे ओझे गरिबांवर कसे पडते याविषयी मौन पाळीत. धर्माचे रक्षण झाले की आपले कर्तव्य संपले, अशी त्यांची धारणा होती. या धारणेला धक्का दिला तो सिसिली बेटावरील एका तरुण धर्मगुरूने.

कालताजिरोने गावचा धर्मगुरू

लुईजी स्तुर्झो यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७१ रोजी सिसिलीतील कालताजिरोने या डोंगरावरील गावी एका जमीनदार घराण्यात झाला. हे गाव मातीच्या रंगीत भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. थोरले बंधू मारिओ हेही धर्मगुरू झाले आणि पुढे बिशपपदाला पोहोचले. लुईजींची प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. पुस्तके, संगीत आणि तत्त्वज्ञान यांत रमणारा हा तरुण मे १८९४ मध्ये दीक्षित झाला, तेव्हा तो सेमिनरीत अध्यापन करून आयुष्य घालवील असेच कुणालाही वाटले असते.

परंतु काळ तसा नव्हता. पोप तेरावे लिओ यांचे 'रेरुम नोवारुम' हे कामगारांच्या स्थितीवरील परिपत्रक १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. खुद्द सिसिलीत शेतमजुरांनी आणि खाणकामगारांनी संघटना उभारल्या होत्या, आणि स्तुर्झो दीक्षित झाले त्याच वर्षी सरकारने लष्करी कायदा पुकारून त्या मोडून काढल्या. १८९५ च्या पवित्र शनिवारी रोममध्ये शिकत असताना स्तुर्झो यांना एका वस्तीत घरे आशीर्वादित करण्यासाठी पाठविण्यात आले. आपल्याकडेही धर्मगुरू घराघरांत आशीर्वाद देण्यास जातात. त्यामुळे उंबरठा ओलांडल्यावर काय काय दिसते, हे आम्हा धर्मगुरूंना ठाऊक असते. स्तुर्झो यांना त्या दिवशी अंधाऱ्या खोल्यांतील जे दारिद्र्य दिसले, त्याचा ठसा त्यांच्या मनावर आयुष्यभर राहिला.

गावी परतल्यावर त्यांनी काय केले? त्यांनी लगेच निवडणूक लढविली नाही. त्यांनी धर्मग्रामात कामगारांची शाखा काढली. सावकाराच्या विळख्यातून शेतकऱ्याला सोडविण्यासाठी ग्रामीण पतपेढी सुरू केली. 'कॉन्स्टंटाईनचा क्रूस' या नावाचे एक छोटे वृत्तपत्र १८९७ मध्ये काढले. मधले दलाल वगळून कुळांनी एकत्र येऊन खंडाने जमीन घ्यावी, यासाठी खटपट केली. १९०० मध्ये त्यांनी 'ला माफिया' नावाचे नाटक लिहिले. ज्या बेटावर तो शब्द उच्चारतानाही लोक आवाज खाली आणीत, तेथे धर्मगुरूने गुंड आणि पुढारी यांच्या संगनमताचे चित्र रंगभूमीवर मांडावे, हे धाडसच होते.

या कामांचा हिशेब मी मुद्दाम मांडतो आहे. पतपेढीच्या वहीत ज्या कुळाचे नाव होते, त्याला स्तुर्झो कोण आहेत हे सभेतील भाषणातून समजून घ्यावे लागले नाही. उमेदवारीचा अर्ज भरण्यापूर्वी त्यांनी अनेक वर्षे लोकांची कामे केली होती.

नगरसभेत शिरल्यावर त्यांच्या गटाच्या वाट्याला प्रथम सत्ता आली नाही. अल्पसंख्य सभासद म्हणून अंदाजपत्रक वाचणे, प्रश्न विचारणे, कारभाराच्या नोंदी तपासणे यांतच सुरुवातीची वर्षे गेली. नोव्हेंबर १९०२ मध्ये काल्तानिसेत्ता येथे सिसिलीतील कॅथॉलिक नगरसेवकांच्या मेळाव्यात त्यांनी आपला नगरविषयक कार्यक्रम मांडला. नगरसभेला स्वायत्तता हवी, सर्व सूत्रे राजधानीतून हलविली जाऊ नयेत, सार्वजनिक सेवा नगराने स्वतः चालवाव्यात, करांची रचना बदलावी, मतांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळावे, असे त्याचे स्वरूप होते. कॅथॉलिकांनी कुणाच्या तरी शेपटीला धरून न जाता स्वतःचा कार्यक्रम घेऊन लोकांपुढे उभे राहावे, हे त्यांचे मुख्य सांगणे होते.

१९०५ मध्ये गावाचा कारभार त्यांच्या हाती आला. इटलीच्या कायद्याप्रमाणे धर्मगुरूला नगराध्यक्ष होता येत नसे. म्हणून ते 'प्रो-सिंदाको', म्हणजे नगराध्यक्षाच्या जागी काम पाहणारे, या नात्याने १९२० पर्यंत म्हणजे पंधरा वर्षे या पदावर राहिले. गावाला वीज मिळावी म्हणून त्यांनी यंत्रणा उभारली, नगराच्या मालकीच्या वनजमिनीचा लाभ शेतकऱ्यांना मिळावा म्हणून झगडले आणि गावाच्या पिढीजात कुंभारकामाला आधार देणारी मृत्तिकाशिल्पाची शाळा १९१८ मध्ये सुरू होण्यास कारण झाले. इटलीतील नगरपालिकांच्या राष्ट्रीय संघटनेचे ते उपाध्यक्षही झाले.

पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी 'नॉन एक्स्पेदित' १९१९ मध्ये पूर्णपणे मागे घेतले. त्याच वर्षी १८ जानेवारीला स्तुर्झो यांनी 'पार्तितो पोपोलारे' हा लोकपक्ष स्थापिला आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्या पक्षाने ५०८ पैकी १०० जागा जिंकल्या. नवजात पक्षाला एवढे यश मिळाले, याची अनेक कारणे होती. त्यांतील एक हे की गावोगावी नगरसभांत तयार झालेली माणसे त्याच्यापाशी होती. मोठे दार उघडले तेव्हा लहान दाराने आत गेलेली माणसे सिद्ध होती.

या पक्षाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो ख्रिस्ती तत्त्वांवर उभा होता. तरीही स्तुर्झो यांनी त्याच्या नावात 'कॅथॉलिक' हा शब्द येऊ दिला नाही. धर्म सर्वांना एकत्र आणतो, पक्ष हा स्वभावतःच समाजाचा एक भाग असतो. म्हणून पक्षाच्या चुकांचे खापर ख्रिस्तसभेच्या माथी फुटू नये आणि ख्रिस्तसभेचा अधिकार पक्षाने वापरू नये, अशी त्यांची भूमिका होती. पुढे मुसोलिनीच्या राजवटीला विरोध केल्यामुळे त्यांना ऑक्टोबर १९२४ मध्ये देश सोडावा लागला. लंडन आणि अमेरिका येथे बावीस वर्षे निर्वासिताचे जिणे जगून ते १९४६ मध्ये परतले. १९५२ मध्ये त्यांना तहहयात सेनेटर नेमण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना धन्यवादित घोषित करण्याविषयीची प्रक्रिया २००२ मध्ये सुरू करण्यात आली.

मुंबईच्या नगरसभेत

स्तुर्झो आपल्या डोंगरी गावात पतपेढीच्या वह्या लिहीत होते, त्याच सुमारास मुंबईत दोन कॅथॉलिक गृहस्थ नगरसभेत काम करीत होते. त्यांचा आणि स्तुर्झो यांचा परस्परांशी संबंध नव्हता. पण वाट तीच होती.

१८८८ च्या कायद्यानुसार मुंबईच्या नगरसभेत ७२ सभासद असत. त्यांपैकी निम्मे, म्हणजे ३६, करदाते विभागवार निवडून देत. उरलेले जस्टिस ऑफ द पीस, विद्यापीठाचे फेलो, व्यापारी मंडळ आणि सरकार यांच्याकडून येत. सामान्य भाडेकरूला मत नव्हते. अशा सभेत बार्देशातील हडफडे गावी १८५६ मध्ये जन्मलेले डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मांडवी भागात दवाखाना चालविणारे डॉक्टर निवडून गेले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतील आपल्या रुग्णांत त्यांना गाठीच्या प्लेगची लक्षणे दिसली आणि त्यांनी ते निदान नगरपालिकेसमोर ठेवले. व्यापाराच्या शहरात प्लेगचे नाव काढणे कुणालाही आवडणारे नव्हते. बंदर बंद पडेल, गिरण्या ओस पडतील, ही भीती खरी होती आणि पुढे तसे झालेही. परंतु निदान खरे ठरले आणि वेळीच उच्चारलेल्या त्या शब्दामुळे उपाययोजनेला आरंभ होऊ शकला. १९०६ मध्ये डॉ. व्हिएगस नगरसभेचे अध्यक्ष झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय ख्रिस्ती होत.

दुसरे गृहस्थ म्हणजे जोसेफ बाप्टिस्टा. माझगावच्या माथारपाखाडीत १७ मार्च १८६४ रोजी जन्मलेला हा ईस्ट इंडियन तरुण पुण्याला अभियांत्रिकी शिकला, सरकारी नोकरीत राहिला आणि पुढे केंब्रिजला जाऊन बॅरिस्टर होऊन आला. १९०१ मध्ये ते प्रथम मुंबईच्या नगरसभेत गेले आणि सतरा वर्षे तेथे सभासद राहिले. लोकमान्य टिळकांचा स्नेह त्यांना लाभला. १९१६ मध्ये बेळगाव येथे टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली तेव्हा तिचे अध्यक्षपद बाप्टिस्टांकडे आले. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन करणाऱ्यांतही ते होते. १९२५-२६ या वर्षी ते नगरसभेचे अध्यक्ष झाले. पुढे १९३१ पासून ज्या पदाला 'महापौर' म्हणू लागले, तेच हे पद. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

मुंबईकर त्यांना 'काका' म्हणत. हे नाते केवळ माझगावच्या ख्रिस्ती पाखाडीतील नव्हते. गिरणगावातील हिंदू-मुसलमान कामगारही त्यांना याच नावाने हाक मारीत. आज त्यांच्या नावाची बाग माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर आहे आणि त्या बागेखाली शहराला पाणी पुरविणारा जलाशय आहे. एका नगरसेवकाचे स्मारक पाण्याच्या टाकीवर असावे, यात मला औचित्य दिसते.

राखीव जागा आणि शेजाऱ्याचे मत

डॉ. व्हिएगस व काका बाप्टिस्टा यांच्या नंतरच्या काळात आपल्या समाजापुढे एक मोह उभा राहिला. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधिमंडळांत भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी वेगळ्या जागा आणि वेगळे मतदारसंघ ठेवले. ख्रिस्ती उमेदवाराने केवळ ख्रिस्ती मतदारांपुढे जावयाचे, अशी ती व्यवस्था होती. सोय खरी, पण तिच्यामुळे शेजाऱ्याचा विश्वास संपादन करण्याची गरजच उरत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर घटना समितीत हा प्रश्न आला. समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते आणि येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा हेही सभासद होते. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळात राखीव जागा नकोत, असा ठराव सल्लागार समितीत खुद्द मुखर्जींनीच मांडला आणि घटना समितीने तो निर्णय स्वीकारला. या त्यागाचा अर्थ असा की यापुढे ख्रिस्ती उमेदवाराने कोळ्याच्या, आगऱ्याच्या, वाडवळाच्या, आदिवासीच्या आणि मुसलमानाच्या दारातही मत मागावयाचे. आणि ते मागण्याआधी त्यांच्या सुखदुःखात सहभागी झालेले असावयाचे.

धर्मगुरूची मर्यादा आणि प्रापंचिकांचे पाचारण

येथे कुणी विचारील, की स्तुर्झो धर्मगुरू असून नगराचा कारभार पाहत होते, तर आज धर्मगुरूने का पाहू नये? १९८३ च्या धर्मसंहितेतील २८५ व्या नियमाने नागरी सत्तेचा वापर करावा लागेल अशी सार्वजनिक पदे स्वीकारण्यास धर्मगुरूंना मनाई केली आहे. २८७ व्या नियमानुसार राजकीय पक्षात सक्रिय भाग घेण्यासही सामान्यतः बंदी आहे. धर्मगुरू हा धर्मग्रामातील प्रत्येकाचा असतो. जिंकलेल्याचाही आणि अनामत रक्कम गमावलेल्याचाही. वसईच्या हिरव्या पट्ट्याच्या रक्षणासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे लोकांना जागे केले. पण त्यांनी पद घेतले नाही. ही सीमारेषा त्यांनी जाणली होती.

मात्र धर्मगुरूची ही मर्यादा प्रापंचिकांनी स्वतःवर ओढवून घेण्याचे कारण नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपल्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजाच्या ७५ व्या परिच्छेदात राजकारणाला अवघड पण उदात्त कला म्हटले आहे आणि ज्यांच्या अंगी ती पात्रता आहे त्यांनी तयारी करून, स्वार्थ बाजूला ठेवून ती आचरावी असे सुचविले आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ मध्ये प्रापंचिकांविषयीच्या आपल्या पत्रात याहून स्पष्ट भाषा वापरली. राजकारणात भ्रष्टाचार आहे, सत्तेची पूजा आहे, हे आरोप खरे असले तरी तेवढ्याने श्रद्धावंतांच्या गैरहजेरीचे समर्थन होत नाही, असा त्याचा आशय आहे. "राजकारण हे आपले काम नव्हे" या वाक्याला याहून थेट उत्तर कोणते असू शकेल?

पहिला अर्ज भरताना

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामपंचायतीला घटनेचा आधार मिळाला. स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवण्यात आल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. त्यामुळे आज पुष्कळ घरांत उमेदवारीचा प्रश्न पुरुषापुढे नव्हे, तर त्याच्या पत्नीपुढे, बहिणीपुढे किंवा सुनेपुढे येतो. महिला संघात वर्षानुवर्षे पै-पैचा हिशेब ठेवणारी भगिनी पंचायतीचा हिशेब वाचू शकणार नाही, असे मानण्यास आधार नाही. मात्र तिच्या नावावर निवडून यावयाचे आणि खुर्चीवर पतीने बसावयाचे, हा प्रकार तिचा अपमान करणारा आणि मतदाराची फसवणूक करणारा आहे.

प्रथमच उभे राहणाऱ्यास इतिहासातून तीन गोष्टी घेता येतील. पहिली, कामाचा आरंभ अर्ज भरण्याच्या दिवशी होत नसतो. स्तुर्झो यांच्याप्रमाणे आपल्याकडेही मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ मध्ये वसईत कॅथॉलिक पतसंस्थेचा पाया घातला. अशा संस्थांच्या कारभारात, ग्रामसभेच्या बैठकीत, पाणीपट्टीच्या तक्रारीत ज्याने वेळ घातला आहे, त्याची उमेदवारी लोकांना परकी वाटत नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत. म्हणून तेथे माणूस पाहिला जाण्याची संधी अद्याप शिल्लक आहे.

दुसरी, लेखी कार्यक्रम हवा. आमचा समाज, आमची पाखाडी, आमचे आडनाव हा कार्यक्रम नव्हे. विहिरींतील खारेपण, कचऱ्याची विल्हेवाट, बुजत चाललेल्या बावखळी, घरपट्टीची आकारणी, आदिवासी पाड्यावरील अंगणवाडी, यांविषयी आपण काय करू आणि पैसा कोठून आणू, हे एका कागदावर मांडता आले पाहिजे. ज्याला ते मांडता येत नाही, त्याने आणखी एक वर्ष ग्रामसभेत बसावे.

तिसरी, ख्रिस्ती उमेदवार आणि ख्रिस्तसभेचा उमेदवार यांत भेद आहे. ख्रिस्तसभेचा उमेदवार असा नसतोच. वेदीवरून कुणाचे नाव सुचविले जाऊ नये, मंदिराच्या आवारात पत्रके वाटली जाऊ नयेत आणि एकाच धर्मग्रामातील दोघे परस्परांविरुद्ध उभे राहिले तर त्यात काही पाप झाले असे कुणी मानू नये. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दोघांनाही एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकता आली, म्हणजे निवडणूक नीट पार पडली असे मी समजेन.

पराभव होईल, ही भीती पुष्कळांना अडविते. लोक हसतील, खर्च वाया जाईल, भाऊबंदकीत दुरावा येईल. ही भीती पोकळ नाही आणि ती कुटुंबाने एकत्र बसून, प्रार्थना करून तोलली पाहिजे. दारू आणि पाकिटे वाटल्याशिवाय निवडून येता येत नाही, असे कुणी सांगितले तर त्या मार्गाने निवडून येण्यापेक्षा पराभूत होणे बरे, हे आधीच ठरवून ठेवावे. परंतु पन्नास घरे फिरून पन्नास अडचणी ऐकून आलेला उमेदवार हरला तरी रिकाम्या हाताने परतत नाही. स्तुर्झो यांच्या गटाने अल्पसंख्य बाकांवरून जे शिकले, त्याच्या बळावरच पुढची पंधरा वर्षे कारभार झाला.

यिर्मया संदेष्ट्याने बाबिलोनमध्ये बंदिवासात असलेल्या आपल्या लोकांना पत्र लिहून, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे हित साधा, असे कळविले होते. ते नगर तर शत्रूचे होते. आपले गाव आपलेच आहे. आपल्या पूर्वजांच्या कबरी येथे आहेत आणि आपली मुले याच विहिरीचे पाणी पितात. तेव्हा यंदा निवडणुकीची घोषणा होईल, त्या वेळी प्रत्येक कुटुंबाने एवढे करावे : आपल्या घरात, आपल्या आळीत या कामास योग्य कोण आहे, याचा शांतपणे विचार करावा, आणि तशी व्यक्ती आढळली तर "हे आपले काम नव्हे" असे म्हणून तिला मागे ओढू नये.